दुखणं वाटून घ्यायचं, की आधी विचारायचं?



"ज्याचं जळतं त्याला कळतं" ही म्हण आपण वर्गात शिकवतो. अर्थ सांगतो, वाक्यात उपयोग करून घेतो आणि पुढच्या म्हणीकडे वळतो. पण समजा, एकाचं जळलं आणि सात जणांना कळलं, असं खरंच झालं तर? मधल्या सुट्टीत एका मुलाला कुणी चिमटा काढला आणि त्याच क्षणी आणखी सहा मुलांनी "आई गं!" म्हणून हात चोळला तर? मग शाळेतली मारामारी, चिडवाचिडवी, एखाद्याला एकटं पाडणं हे सगळं आपोआप थांबेल का?

हाच प्रश्न घेऊन एक जपानी अ‍ॅनिमे मालिका आली होती. नाव 'किझनायव्हर'. 2016 साली एप्रिल ते जून या काळात तिचे 12 भाग प्रसारित झाले. ट्रिगर या स्टुडिओची निर्मिती, दिग्दर्शक हिरोशी कोबायाशी आणि लेखिका मारी ओकादा. माझ्या अकरावीतल्या मुलीने ती लावली होती आणि मी शेजारी बसून वह्या तपासत होते. दुसऱ्या भागापर्यंत वह्या बाजूला राहिल्या. कारण पडद्यावर जे चाललं होतं, ते मी स्वतः माझ्या वर्गात केलेलं होतं. ते काय, हे पुढे सांगतेच.

"कार्टूनवर काय लिहायचं?" असं काहींना वाटेल. पण आपल्या आठवी-नववीच्या मुलांना विचारून बघा. अ‍ॅनिमे बघणारी मुलं आता गावोगावी आहेत. ती काय बघतात हे आपल्याला माहीत नसेल, तर त्यांच्याशी बोलायचा एक चांगला विषय आपण गमावतो.

गोष्ट थोडक्यात

सुगोमोरी नावाचं एक काल्पनिक शहर. तिथल्या शाळेत कात्सुहिरा आगाता नावाचा मुलगा आहे. त्याला दुखतच नाही. टारगट मुलं त्याला मारतात, पैसे मागतात, तो मुकाट देऊन टाकतो. रडत नाही, चिडत नाही, तक्रारही करत नाही. अशा मुलाबद्दल आपण स्टाफरूममध्ये काय म्हणतो? "फार शांत आहे हो, त्याचा काही त्रास नाही."

एके दिवशी नोरिको सोनोझाकी नावाची एक विचित्र मुलगी त्याला भेटते आणि बोलता बोलता जिन्यावरून ढकलून देते. जाग येते तेव्हा त्याच्या मनगटावर एक खूण असते. तो आणि त्याच्याच शाळेतली आणखी काही मुलं एकमेकांना 'जोडली' गेलेली असतात. हळूहळू हा गट सात जणांचा होतो. एकाला लागलं की ते दुखणं सातांत वाटलं जातं. प्रयोग करणाऱ्यांचं म्हणणं असं, की माणसाला दुसऱ्याचं दुखणं खरोखर जाणवलं तर जगात भांडणं आणि युद्धं राहणार नाहीत.

ही सात मुलं मित्र नाहीत, हे महत्त्वाचं. उलट एरवी एकमेकांच्या वाऱ्याला उभी राहणार नाहीत अशीच निवडलेली आहेत. चिदोरी ही सगळ्यांना नियम शिकवणारी. तेंगा दांडगट. युता मुलींमध्ये लोकप्रिय आणि हिशेबी. माकी कुणालाही जवळ न येऊ देणारी. निको मुद्दाम वेड्यासारखी वागणारी. आणि हिसोमु तर दुखण्याचाच शौकीन. कोणत्याही शाळेच्या कोणत्याही तुकडीत सापडतील अशी ही मुलं. फक्त आपण त्यांना एका बाकावर बसवत नाही.

'किझुना' या जपानी शब्दाचा अर्थ माणसामाणसांतला बंध, ऋणानुबंध. मार्च 2011 मध्ये जपानमध्ये मोठा भूकंप झाला, त्सुनामी आली. त्या वर्षाचं प्रातिनिधिक अक्षर म्हणून याच शब्दाची निवड झाली होती. म्हणजे जपानी प्रेक्षकांसाठी हा फार मायेचा शब्द आहे. पण त्याचा मूळ अर्थ जनावर बांधून ठेवायची दोरी असा आहे. आपल्याकडे त्याला दावं म्हणतात. शिवाय जपानीत 'किझु' म्हणजे जखम. मालिकेच्या नावात हे सगळं आहे. तुम्हाला जोडणारी गोष्ट दाव्यासारखी गळ्यातही पडू शकते.

पहिलं काम: गुपित सांगा

प्रयोगात सामील झाल्यावर या मुलांना पहिलं काम दिलं जातं ते ओळख करून देण्याचं. पण नाव, गाव, छंद असली ओळख चालत नाही. जे कुणालाही कळू नये असं वाटतं, तेच सांगायचं. मग चिदोरीला कात्सुहिराबद्दलच्या आपल्या भावना सांगाव्या लागतात. युताला आपण पूर्वी लठ्ठ होतो हे कबूल करावं लागतं. माकी तर "मी एका माणसाला मारलंय" एवढंच म्हणते. सगळे हादरतात.

इथे माझ्या हातातलं लाल पेन थांबलं.

काही वर्षांपूर्वी मी नववीची वर्गशिक्षिका होते. दप्तराविना शनिवार असायचा. जीवनकौशल्यांचं प्रशिक्षण नुकतंच झालेलं. 'समानुभूती' हा शब्द डोक्यात ताजा होता. मुलांना गोलात बसवलं आणि सांगितलं, "आज प्रत्येकाने अशी एक गोष्ट सांगायची, जी वर्गात कुणालाच माहीत नाही. आपण सगळे एक कुटुंब आहोत." सुरुवातीला मुलं लाजली. मग एकीने सांगितलं, तिच्या मागोमाग दुसरीने. एक मुलगा होता, त्याने सांगितलं की तो लग्नसराईत रात्री मंगल कार्यालयात ताटं धुवायला जातो. म्हणून सकाळी त्याला झोप येते. दोन-तीन मुली रडल्या. मीही रडले. तास संपताना मला वाटलं, आज काहीतरी खरं शिकवलं आपण. त्या दिवशी अहवालात मी 'उपक्रम यशस्वी' असं लिहिलं.

पुढच्या आठवड्यात त्या मुलाचं नाव 'ताटल्या' पडलं होतं. मला ते कळायला आणखी तीन आठवडे गेले. तो शनिवारी यायचाच बंद झाला होता. मी बाजूला घेऊन विचारलं, तर खाली बघत म्हणाला, "बाई, मी नव्हतो सांगणार. तुम्हीच सांगायला लावलं."

या वाक्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. चिडवणाऱ्या मुलांना मी रागावले, त्यांच्या पालकांना बोलावलं, सगळं केलं. पण खरी चूक त्या मुलांची नव्हती. एका मुलाची झाकलेली गोष्ट चाळीस जणांसमोर उघडी केली ती मी. तीसुद्धा चांगल्या हेतूने, आणि 'समानुभूती'च्या नावाखाली.

मालिकेतही असंच आहे. मुलांवर प्रयोग करणाऱ्यांमध्ये त्यांचे वर्गशिक्षक आहेत आणि शाळेची समुपदेशकसुद्धा आहे. ते राक्षस नाहीत. त्यांना जगाचं भलंच करायचं आहे. फक्त मुलांना "चालेल का?" असं विचारायचं राहून गेलं.

कळणं वेगळं, सांगणं वेगळं

मला या मालिकेतून जे घ्यावंसं वाटतं ते एवढंच. एखाद्याचं दुखणं आपल्याला कळणं आणि त्याने ते आपल्याला सांगणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शाळेने आणि घराने जागा करायची ती दुसऱ्या गोष्टीसाठी.

मालिका हे टप्प्याटप्प्याने दाखवते. आधी फक्त शरीराचं दुखणं वाटलं जातं. एकाने दुसऱ्याला ठोसा मारला की स्वतःलाही लागतं, त्यामुळे मारामारी कमी होते. पण मैत्री होत नाही. स्वतःला लागू नये म्हणून दुसऱ्याला जपणं हा झाला हिशेब. आपल्याकडे "त्याला मारशील तर तुलाही मार मिळेल" असं सांगून जी शांतता येते, ती याच जातीची. ती आवश्यक असेल, पण तिला समानुभूती म्हणू नये.

पुढे मनाचं दुखणंही वाटलं जाऊ लागतं. इथे आपल्याला वाटतं की आता तरी ही मुलं एकमेकांना समजून घेतील. होतं उलटंच. वय पंधरा-सोळा. एकीचा जीव एकावर, त्याचा तिसरीवर, आणखी कुणाचा चौथीवर. एका प्रसंगात भर पावसात हे सगळं एकदम फुटतं. जे कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, ते सगळ्यांपर्यंत पोचतं. प्रत्येकाच्या छातीत सातही जणांचं दुखणं. आणि त्यानंतर ही मुलं एकमेकांना टाळू लागतात. साहजिक आहे. माझ्या मनातलं तुला कळलं, पण मी ते तुला सांगितलेलं नाही. मग मी तुझ्याकडे कोणत्या तोंडाने बघू? 'ताटल्या' शनिवारी का येत नव्हता, ते मला हा प्रसंग बघताना नीट समजलं.

याउलट माकीचा प्रसंग बघा. "मी एका माणसाला मारलंय" या वाक्यामागे खरी गोष्ट काय असते? तिची एक जिवाभावाची मैत्रीण होती. दोघी मिळून मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, काढायच्या. मैत्रीण आजारी होती. माकी तिच्यापासून दूर गेली आणि ती मैत्रीण वारली. तेव्हापासून माकीने ठरवून टाकलंय, कुणाला जवळ येऊ द्यायचं नाही. तिचं दुखणं बाकीच्या सहांना जाणवतं, पण नुसतं जाणवून काही होत नाही. त्यांना तिच्यामागे जावं लागतं, तिचा राग सोसावा लागतो, थांबावं लागतं. मग ती स्वतःच्या तोंडाने बोलते. तिथून ती बदलायला लागते. यंत्राने फार तर दारापर्यंत नेलं. दार तिने स्वतः उघडलं.

"तुला कसं वाटेल?" हा प्रश्न

आता आपल्या वर्गात येऊ. एका मुलाने दुसऱ्याला चिडवलं की आपला ठरलेला प्रश्न असतो, "तुला कुणी असं म्हटलं तर तुला कसं वाटेल?" मीही वर्षानुवर्षं हाच विचारला. प्रश्न वाईट नाही, पण अपुरा आहे. एखादं धीट मूल सरळ म्हणतं, "मला काहीच वाटणार नाही, बाई." आणि ते खरंही असतं! त्याला 'जाड्या' म्हटलेलं चालतं, म्हणून दुसऱ्यालाही चालत असेल असं त्याला वाटतं. आपल्या प्रश्नाने आपण त्याला स्वतःकडेच बघायला सांगितलं. दुसऱ्याकडे बघायला सांगितलंच नाही.

कात्सुहिराचा मुद्दा इथे नेमका लागू पडतो. त्याला जर विचारलं, "तुला मारलं तर कसं वाटेल?" तर तो म्हणेल, "काही नाही." याचा अर्थ मारणं चालतं असा होतो का?

त्याऐवजी आता मी असं विचारते: "त्याला कसं वाटलं असेल, हे तुला कशावरून कळेल?" मग मुलं विचार करतात. "बाई, तो डबा खायला आला नाही." "बाई, तो हसला, पण लगेच गेला." म्हणजे मुलांनी बघितलेलं असतं. फक्त त्या बघण्याला कुणी किंमत दिलेली नसते. आणि त्यानंतरचा प्रश्न: "आपल्याला नक्की माहीत नाही ना? मग काय करायचं?" "त्याला विचारायचं." एवढं मुलांच्या तोंडून आलं की तो तास सार्थकी लागला असं मी समजते.

सगळं दुखणं एकटीने पिणारी

पालकहो, हा भाग खास तुमच्यासाठी. आणि मीही एक आई आहे, म्हणून माझ्यासाठीही.

मालिकेच्या शेवटाकडे कळतं की असा प्रयोग पूर्वीही एकदा झाला होता. तेव्हा तर ही लहान मुलं होती. कात्सुहिरा त्यांतलाच एक. त्या वेळी काहीतरी बिघडलं आणि सगळ्या मुलांचं दुखणं एकट्या सोनोझाकीकडे गेलं. ती ते आजवर वाहते आहे, औषधांच्या आधाराने उभी आहे. आणि ज्यांचं दुखणं तिने घेतलं, ती मुलं सुखी झाली का? नाही. ती रिकामी झाली. काही जण तर नुसते बसून असतात. कात्सुहिराला दुखत नाही याचंही कारण तेच. त्याच्या वाटणीचं दुखणं ती भोगते आहे.

हे बघताना मला आपण आठवलो. मुलाचं मित्राशी भांडण झालं की आपण रात्री साडेनऊला त्या मित्राच्या आईला फोन करतो. वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात लिहितो. वही राहिली तर शाळेत नेऊन देतो. स्पर्धेत नंबर आला नाही तर परीक्षकांनाच दोष देतो. मुलाला काही म्हणजे काही लागू द्यायचं नाही. हेतू मायेचाच आहे. पण मग आपणच तक्रार करतो, "आमच्या मुलाला कशाचं काही वाटतच नाही." कसं वाटणार? त्याच्या वाटणीचं आपण घेऊन बसलोय.

दुखणं हे शरीराचंसुद्धा राखणदार आहे. आपल्या महाराष्ट्रात आनंदवनाची ओळख प्रत्येक शाळेत करून दिली जाते. कुष्ठरोगात हातापायांची संवेदना जाते, आणि मग चटका बसलेला कळत नाही, जखम झालेली कळत नाही, ती वाढत जाते. बरीचशी हानी या न कळण्यामुळे होते. मनाचंही तसंच असावं. ज्या मुलाने स्वतःचं वाईट वाटणं कधी पुरतं अनुभवलं नाही, त्याला दुसऱ्याच्या चेहऱ्यावरचं वाईट वाटणं कसं ओळखता येईल?

याचा अर्थ मुलांना मुद्दाम दुखवा, किंवा "सहन कर, आम्ही नाही का सोसलं" म्हणा, असा अजिबात नाही. अर्थ एवढाच की शेजारी बसा, पण त्याचं रडणं त्यालाच रडू द्या. "उद्या तू तिच्याशी काय बोलणार आहेस?" असं विचारा. फोन आपण करू नका.

आणि शिक्षक मैत्रिणींनो, सोनोझाकी आपल्यातही असते. वर्गातल्या प्रत्येक मुलाची अडचण घरी घेऊन जाणारी, रात्री झोप न लागणारी, आणि कुणालाही न सांगणारी. मुलांना आपण 'बोला' म्हणतो, पण स्टाफरूममध्ये "मला हे झेपत नाहीये" असं किती जणींनी कधी म्हटलंय? सातात वाटलं तर वजन हलकं होतं. एकटीने घेतलं तर ती मोडते.

मग वर्गात काय करायचं?

त्या प्रसंगानंतर मी काही गोष्टी बदलल्या. त्या तुमच्यापुढे ठेवते.

पहिली गोष्ट: गोलात बसून 'मन मोकळं करा' हे बंद. मोकळं करायला सांगितलं म्हणून मन मोकळं होत नाही. त्याऐवजी चिठ्ठी. मुलांनी हवं तर लिहायचं, नको तर कोरी टाकायची. प्रत्येकाने चिठ्ठी टाकायचीच, म्हणजे कुणी लिहिलं आणि कुणी नाही हे इतरांना कळत नाही. वर एक ओळ लिहायची: 'फक्त वाचा' किंवा 'माझ्याशी बोला'. 'फक्त वाचा' लिहिलेल्या मुलाला मी हाक मारत नाही. एक अपवाद आहे, तो पुढच्याच मुद्द्यात सांगते. त्यांतली काही मुलं महिन्या-दोन महिन्यांनी आपणहून येतात.

दुसरी गोष्ट: "मी कुणालाही सांगणार नाही" असं वचन मुलांना द्यायचं नाही. कारण ते नेहमी पाळता येत नाही. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं आपल्याला कळलं तर 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार ते कळवणं बंधनकारक आहे. तिथे चिठ्ठीवर 'फक्त वाचा' लिहिलेलं असलं तरी गप्प बसता येत नाही. म्हणून मी आधीच सांगते, "तुझी गोष्ट मी वर्गात बोलणार नाही. पण तुला धोका आहे असं वाटलं, तर मदत करू शकेल अशा मोठ्या माणसाला मला सांगावं लागेल. आणि सांगण्याआधी तुला कल्पना देईन." मुलांना हे समजतं. 1098 हा मुलांसाठीचा मदत क्रमांकही फळ्याच्या कोपऱ्यात कायम लिहिलेला असू द्या.

तिसरी गोष्ट: दुसऱ्याची गोष्ट बोलायची असेल तर पात्रांच्या आडून बोला. स्वतःचं गुपित न सांगताही मूल कात्सुहिराबद्दल बोलू शकतं. "तो पैसे का देऊन टाकत असेल?" असं विचारलं की मागच्या बाकावरून उत्तर येतं, "बाई, नाही दिले तर जास्त मारतात." हे उत्तर कुठून आलं ते आपण ओळखायचं, पण तिथल्या तिथे "तुला कसं माहीत?" असं विचारायचं नाही. गोष्टीचा हाच तर उपयोग आहे. मुलाला बोलताही येतं आणि झाकूनही ठेवता येतं.

चौथी गोष्ट: ऐकणाऱ्याला ऐकायला शिकवा. आपण बोलायला खूप शिकवतो, वक्तृत्व स्पर्धा घेतो. ऐकायचं म्हणजे काय? मध्ये तोंड न घालणं, "माझं तर याहून वाईट झालं होतं" असं न म्हणणं, ऐकलेलं दुसरीकडे न नेणं. दोघादोघांच्या जोडीत पाच मिनिटं, आणि विषय साधा: 'काल मला कशाचा राग आला'. पाठांतरापेक्षा हे अवघड जातं, मोठ्यांनाही.

ही मालिका मुलांना दाखवावी का?

सरसकट वर्गात लावू नका. सातवी-आठवीच्या मुलांसाठी ती नाही. काही दृश्यं, काही विनोद आपल्याला घरात सगळ्यांसोबत बघायला अवघड वाटतील असे आहेत. हिसोमुचं दुखण्याचं वेड बऱ्याचदा गमतीवारी नेलेलं आहे, आणि स्वतःला इजा करून घेणाऱ्या मुलांच्या बाबतीत ती गंमत नसते, हे आपल्याला माहीत आहे. प्रेमाच्या गुंत्यात मधले भाग मैत्रीपासून जरा भरकटतात. शेवट मला घाईत उरकल्यासारखा वाटला. दहावी-अकरावीचं मूल असेल तर पालकांनी आधी स्वतः बघावी आणि मग सोबत बसून बघावी. जपानी संवाद आणि खाली इंग्रजी ओळी असल्या तरी मुलांना त्याची अडचण येत नाही. अडचण आपल्याला येते, पण सवय होते.

तरीही मी ती बघा म्हणते, याला आणखी एक कारण आहे. लेखिका मारी ओकादा स्वतः शाळेत छळ झालेली मुलगी होती. कित्येक वर्षं ती शाळेत जाऊ शकली नाही, घरातच कोंडून राहिली. हे तिने आपल्या आत्मकथनात मोकळेपणाने लिहिलं आहे. म्हणजे ही गोष्ट ज्या मुलांसाठी आपण हजेरीत नुसतं 'गैरहजर' लिहितो, त्यांच्यापैकी एकीने लिहिलेली आहे. तिला दुखणं वाटणारं यंत्र सुचावं यात नवल नाही. मला विशेष वाटतं ते याचं, की शेवटी ती यंत्राच्या बाजूने उभी राहत नाही.

शेवटी सोनोझाकी सगळ्या शहरातल्या लोकांनाच जोडायला निघते. तिला वाटतं, दुखणं वाटलं गेलं नाही तर आपण एकटे पडू. तिला थांबवायला ही मुलं येतात तेव्हा त्यांच्यातली जोडणी तुटलेली असते. आता एकाचं दुखणं दुसऱ्याला आपोआप पोचत नाही. तरी ती येतात. आणि यंत्र नाही म्हणून त्यांना बोलावं लागतं, तिला विचारावं लागतं, तिच्याबद्दल आपल्याला काय माहीत नाही हे कबूल करावं लागतं. मला वाटतं, त्यांची मैत्री सुरू होते ती तिथे.

आपल्या वर्गात असलं यंत्र नाही, हे बरंच आहे. "काय झालं रे?" एवढे तीन शब्द मात्र आहेत. ते विचारायचे, आणि उत्तर आलं नाही तर उद्या पुन्हा यायचं.

तो मुलगा दहावी झाला. निरोप समारंभाच्या दिवशी मी त्याची माफी मागितली. बाजूला, एकट्याची. तो कसनुसा हसला आणि म्हणाला, "जाऊ द्या बाई." त्याने मला माफ केलं की नाही हे मला कळलं नाही. आणि ते विचारायचा हक्क मला नव्हता, एवढं मात्र आता कळतं.